रायीतलं बाहेर नेत नाहीत

वाळपईच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, मग पायवाट,
मग नुसतं पाणी.
झिलू गावकरानं चपला काढल्या, मीही बूट.
झाडांची मुळं चिखलातून गुडघे वर काढून उभी,
जणू शंभरजण पाण्यात बसले
आणि उठायचं विसरले.

फळाला त्यानं हात लावला नाही. बोटानं दाखवलं:
उकललेलं, आत लाल जाळी,
जाळीत काळसर बी.
'वास घे. तोडू नको, उचलू नको.
रायीतलं बाहेर नेत नाहीत.'
तेवढ्यात एक धनेश वरच्या फांदीवरचं बी गिळून उडाला.
'आणि तो?'
'तो रायीचाच.'

मी वाकले. पाणी पोटऱ्यांपर्यंत.
बाजारातलं जायफळ बोलकं,
श्रीखंडात शिरतं, बाळगुटीत शिरतं, कुठंही ओळख काढतं.
हे रानजायफळ नुसतं खाकरतं.
आधी ओली पाटी.
मग कापूर, पण विझलेला.
मग काहीतरी गोड, इतकं मागे
की वळून पाहावं तर नाही.
वहीत एवढंच लिहिलं. बाकीचं नाकात धरून
वेर्ण्यापर्यंत कोणाशी बोलले नाही.
बसमधल्या बाईच्या केसांतल्या
जायांच्या फातीचाही राग आला.

प्रयोगशाळेत एसी, चार दशांशांचा तराजू.
सॅबिनीन, टर्पिनिऑल, वाळ्याचं तेल थेंबभर,
चिखलासाठी जिओस्मिन, इतकं कमी
की मोजताना श्वास धरावा लागतो.
चाचणी एक: दाढीचं क्रीम.
चाचणी चार: दाढीचं क्रीम, महागडं.
अकरा: नाताळातली बेकरी.
एकोणीस ते सव्वीस, वहीत एकच शब्द, 'शी.'
तेहतीस बरी जमली. कुलासोसाहेब म्हणाले, हीच.
खोक्याचं चित्रही ठरलं,
लाल जाळी, सोनेरी अक्षरं.

रविवारी तेहतीसची पट्टी घेऊन गेले.
झिलूनं हुंगली आणि उंडो चहात बुडवला.
'जायफळ,' म्हणाला. 'बरें आसा.'
आमचं, असं म्हणाला नाही.

अठ्ठाविसाव्या चाचणीची कुपी खिडकीत राहिली होती,
झाकण नाही, शेजारी गंजका डबा,
वर गळका नळ.
सतरा दिवस.
अर्धी उडून गेलेली, उरलेली पिवळी.
मोरीत ओतायला उचलली
आणि तशीच हातात धरून उभी राहिले.
मी घातलेलं बरंचसं निघून गेलं होतं.
ओली पाटी होती.
मागचं ते गोडही, मागेच.

पुन्हा वाळपई. तोच चहावाला, तेच बाक.
झिलू नारळाच्या दराबद्दल बोलत होता,
बोलता बोलता पट्टी नाकाशी नेली,
बोलतच राहिला, माकडांनी किती पाडले, किती नेले,
आणि टेबलाखाली त्याचे पाय
चपलांतून बाहेर आले.
आधी डावा. मग उजवा.
थंड लादीवर टेकले.
मी पायांकडे बघतेय हे पाहून
त्यानंही खाली पाहिलं.

नारळ थांबले.
'खंयसून हाडलें गो हें?'
'कुठून आणणार? केलंय मी.'
'रायीत गेली होतीस.'
'नाही हो. वेर्ण्याला. बाटल्यांतून.'
त्यानं माझे हात पाहिले, नखंसुद्धा,
लहान मुलाची पाहतात तशी.
मी पिशवी उलटी करून दाखवली:
वही, छत्री, बसचं तिकीट.
त्याचा विश्वास बसला नाही. बसेल कसा,
इतके महिने मी हेच तर मागत होते,
की कोणाचा विश्वास बसू नये.

तो उठला. पट्टी दोन्ही तळव्यांत झाकून,
पिलू धरावं तशी,
रस्ता ओलांडून पायवाटेला लागला.
ठेवायला.
परत.

फोन वाजत होता, कुलासोसाहेब.
फॉर्म्युला पाठवतेस ना? छापखाना थांबलाय.
गंजक्या डब्याचं प्रमाण काय लिहिणार?
'तेहतीसच,' म्हणाले.
दोन चहांचे पैसे दिले.
बाकाखाली त्याच्या चपला तशाच होत्या,
एक थोडी पुढे.